नऊ वळणं आणि हेलनचा गुडघा

गुरुवार, ४ डिसेंबर २०२५

नाही म्हणाली! आज पुन्हा. वॉकर घेऊन फाटकापर्यंत गेली, वळली, आली, पलंगावर बसली — "झालं." फिजिओवाल्या मोनालीने घड्याळ पाहिलं. चार मिनिटं.

ऑपरेशनला तीन आठवडे होऊन गेले. डॉक्टरांनी नवा गुडघा झकास बसवलाय, तो वाकतोही. हेलनच वाकत नाही. मोनाली माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, रोज अंतर वाढलं पाहिजे, नाहीतर पाय आखडून बसेल." माझ्याकडे कशाला बघायचं? गुडघा कुणाचा?

इकडे शॅरनने आम्हाला ८ एप्रिलला जपानला बोलावलंय. पोरगी दोन वर्षं तिथे हिकोने नावाच्या गावात म्हाताऱ्या माणसांच्या सेवाघरात काम करते, एकदाही घरी आलेली नाही. तिकडे म्हणे विमानतळापासून स्टेशनपर्यंत सगळीकडे पायपीट. "मम्मीला निदान दोन किलोमीटर चालता आलं पाहिजे, पप्पा. फेब्रुवारी संपायच्या आत सांगा, तरच तिकिटं काढते." दोन किलोमीटर! आणि इथे चार मिनिटं.

मी विचारलं, का गं चालत नाहीस? तर म्हणते, "काय बघायला चालू? फाटक, डांबरी रस्ता, विजेचे खांब आणि सर्जेरावांची म्हैस. जाताना म्हशीचं तोंड, येताना शेपूट."

व्हरांड्यात खुर्चीत जाऊन बसलो.

शनिवार, ६ डिसेंबर

शॅरनचा व्हिडिओ कॉल. "पप्पा, आज कुठे गेला होता?" — दर वेळी हाच प्रश्न! रिटायर माणूस कुठे जाणार? चौतीस वर्षं मालगाडीचा गार्ड म्हणून जातच होतो की. आता तीन वर्षं बसलोय तर बसू द्या ना. दौंडची गाडी व्हरांड्यातून ऐकू येते, तेवढं पुरे.

मम्मी चालत नाही म्हणून तक्रार केली. ती म्हणाली, थांबा, एक दाखवते. सेवाघरातल्या एका आजींना घेऊन ती जवळच्या बागेत आली होती. तिथे मोठा तलाव आहे, त्याच्या काठी जुन्या काळच्या एका सरदाराचा वाडा, आणि वाड्याची ही बाग. साडेतीनशे वर्षांची! मधे तळं, तळ्यात बेटं, नऊ पूल, मागे टेकडीवर किल्ला. पण हे सगळं एकदम दिसत नाही. वाट वळते, झाड आड येतं. पुढे गेलं की पूल दिसतो, किल्ला लपतो. आणखी वळलं की किल्ला दिसतो, पूल गेला. सरदारसाहेबांनी बसून बघायला नाही, फिरून बघायला बाग केली होती.

"ह्या आजी खोलीत दहा पावलं टाकत नाहीत, पप्पा. इथे पूर्ण फेरी मारतात. पुढचं दिसत नाही ना, म्हणून पाऊल पुढे पडतं."

आजींनी कॅमेऱ्यात बघून मला वाकून नमस्कार केला. मीही खुर्चीतल्या खुर्चीत वाकलो.

रविवार, ७ डिसेंबर

उपासनेत लक्ष नव्हतं. पाळकसाहेब, क्षमा करा. डोक्यात ती वाट.

मला ते नवीन नाही खरं तर. मालगाडीचा गार्ड सगळ्यात शेवटच्या डब्यात, एकटा. पुढे चाळीस-पन्नास वाघिणी. सरळ मार्गावर त्याला काय दिसतं? पुढच्या वाघिणीचं ढुंगण. वळण आलं की मग अख्खी गाडी दिसते, इंजिनसकट! तेवढ्यासाठी मी प्रत्येक वळणाला बाहेर डोकावायचो. पाटसच्या पुढचं वळण तर माझं लाडकं होतं. चौतीस वर्षं वळणांची वाट बघितली आणि हेलनला सरळ रस्त्यावर चालायला लावतोय! गाढव आहे मी.

मंगळवार, ९ डिसेंबर

सर्जेरावांकडे गेलो. आमच्या शेजारचे बागायतदार. गच्चीवर सिमेंटचे दोन सिंह, म्हणून मी त्यांना जहागीरदार म्हणतो, त्यांना ते आवडतं. तलावही आहे त्यांच्याकडे! म्हणजे शेततळं. प्लास्टिक अंथरलेलं, भोवती मातीचा उंच बांध, बांधावर तारेचं कुंपण. खालून पाण्याचा थेंब दिसत नाही. बांधावर चढलं की एकदम सगळं आभाळ पाण्यात. आमचं घर आणि तो बांध यांच्या मधे त्यांचा पडीक तुकडा, एका अंगाला त्यांचा ऊस.

म्हटलं, जहागीरदार, तिथे बाग करू द्या. हेलनच्या पायासाठी.

"करा की! इचारायचं काय त्यात? बाई चालाय लागल्या तर आमालाबी आनंद हाय." हेलन पूर्वी शाळेत शिकवायची, त्यामुळे अख्ख्या वस्तीची ती 'बाई' आहे.

शेवटच्या वळणावर पाणी. तोवर दाखवायचं नाही. त्यांचे नऊ पूल, आपली नऊ वळणं!

शुक्रवार, १२ डिसेंबर

दोरी मारली, खुंट्या ठोकल्या, दर वीस मीटरला पाटी. फोटो शॅरनला. ती इतकी हसली की फोन पडला तिचा. "पप्पा, ही बाग आहे, रेल्वेचा सेक्शन नाही!"

खुंट्या उपटल्या. हाताला सवय, काय करणार. उद्या दोरी न घेता जाईन.

गुरुवार, १८ डिसेंबर

पहिली दोन वळणं झाली. मुरूम टाकला, दाबला. उसाच्या कडेने आत शिरलं की घर दिसेनासं होतं. पहिल्या वळणावर कण्हेर. दुसऱ्यावर जुना रांजण, त्यात पाणी, पाण्यात एक कमळ. नर्सरीवाला यवतचा, त्याने फुकट सल्ले फार दिले.

हाताला फोड आले. कंबर भरली. रात्री पडल्या पडल्या झोप! बऱ्याच दिवसांत असं झालं नव्हतं.

हेलन पहिल्या वळणापर्यंत आली. नाक मुरडत. मग म्हणते, "त्या पलीकडे काय केलंत?" मी म्हटलं, जाऊन बघ. गेली!! रांजण बघून आली. अकरा मिनिटं. मोनालीला फोन करून सांगितलं.

शनिवार, २७ डिसेंबर

नाताळला शिरूरला गेलो होतो, हेलनच्या माहेरी. तिचा भाऊ डॅनी अजून मिशन कंपाउंडमध्येच राहतो. त्याने बागेसाठी भेट दिली — रुळाचा हातभर तुकडा! तिथल्या शाळेत पूर्वी घंटा म्हणून हाच टांगलेला असायचा. हेलन लहानपणी हा वाजवायला धावायची. पाचव्या वळणावर टांगणार. ज्या पोरीने तो वाजवला ती चालत येऊन पुन्हा वाजवेल.

आनंदात घरी आलो. आणि बागेत जाऊन बघतो तर — वळणं गेलेली!

सर्जेरावांनी आमच्या पाठीमागे ट्रॅक्टरला फळी लावून अर्ध्या तासात वाट सरळ केली. फाटकापासून बांधापर्यंत सूत मारल्यासारखी. चार वळणांचं काम! वर माझीच वाट बघत उभे, चेहऱ्यावर केवढं कौतुक. "गार्डसाहेब, वाट लई वाकडी झाली हुती. म्हणलं तुमचं वय झालंय, दोरी हालली आसल. आता बघा!"

मी बोललो. जरा जास्तच बोललो. ते ट्रॅक्टर घेऊन गेले.

रविवार, २८ डिसेंबर

त्यांचं काय चुकलं? ज्या माणसाने जन्मभर सरी सरळ आली म्हणून शाबासकी घेतली, त्याला वाकडी वाट म्हणजे चुकलेलं कामच वाटणार. मी तरी आधी दोरीच मारली होती ना!

चर्चमधून थेट त्यांच्याकडे गेलो. माफी मागितली. साखरबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, चहा दिला. चहात साखर दुप्पट, म्हणजे राग नाही. मी मोबाईलवर हिकोनेची बाग दाखवली. सर्जेरावांनी चष्मा लावून ती दोनदा पाहिली. शेवटी म्हणाले, "म्हंजी मुद्दाम लपवायचं. आन् मग दावायचं."

"बरोबर."

"मंग आधी सांगायचं न्हवं का!"

मंगळवार, ६ जानेवारी २०२६

पुन्हा चार वळणं उभी. या वेळी जहागीरदार स्वतः कुदळ घेऊन होते. माझ्यापेक्षा वाकडी वाट काढतात आता! "अजून जरा वळू द्या की." आवरावं लागलं.

हेलनने वॉकर सोडला, काठी घेतली. पण तिसऱ्या वळणापर्यंतच. तिथे टेकते आणि म्हणते, "आज एवढंच." पुढे काय आहे विचारतसुद्धा नाही. पंधरा मिनिटांवर घोडं अडलंय.

मंगळवार, १३ जानेवारी

सर्जेरावांच्या उसाला तोड आली. मला सुचलंच नव्हतं! कारखान्याची तोड आली की ऊस जाणार, आणि ऊस गेला की माझी सगळी लपवाछपवी उघडी. फाटकात उभं राहिलं की बांध दिसेल. बागेची भिंतच ती.

सकाळपासून कोयते चालू. मी खुर्ची बाहेर काढली आणि पाठ करून बसलो, बघवेना. दुपारी आवाज थांबला. वळून बघतो तर वाटेच्या कडेच्या दोन सऱ्या उभ्या! मुकादम डोक्याला हात लावून म्हणत होता, "मालक, तोडीला आलेला ऊस कुनी ठेवतं का?" सर्जेराव म्हणाले, "हा तोडायचा न्हाई. ह्याच्याआड आमचं तळं लपवलंय."

त्या माणसाला मी गेल्या महिन्यात नको नको ते बोललो होतो.

बुधवार, २१ जानेवारी

सहा वळणं. पाचव्यावर रूळ टांगला. टोल दिला, आवाज थेट पाटसच्या बाजूला गेला असेल! हेलन घरातून म्हणाली, "ऐकू आला हो." डोळे पुसत होती. म्हटलं, ये की वाजवायला. "अजून दोन वळणं जास्त होतात मला." हट्टी!

तिने एक मात्र खरं सांगितलं — "पाचव्यावर बसायला काही ठेवा, तिथे ऊन लागतं." न बघता किती अंदाज आहे तिला! खरंच ऊन लागतं. बाक ठेवला.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

शॅरनने एक युक्ती सांगितली होती. तिकडे वाटेत दोरीने बांधलेला एक दगड ठेवतात. अर्थ — इथून पुढे जायचं नाही. पाटी नको, कुंपण नको. सहाव्याच्या पुढे माझं काम चालू, खड्डे आहेत, म्हणून काल नारळाएवढा गोटा काळ्या दोरीत बांधून वाटेत ठेवला.

आज त्याच्यावर हळदकुंकू! दोन झेंडूची फुलं!

साखरबाईंना म्हटलं, अहो, हा देव नाही. त्या म्हणाल्या, "काळ्या दोरीत बांधलेला दगड वाटंत मांडलाय, आन् म्हंता कायबी न्हाई? असू द्या. मी काय त्याला ओलांडायची न्हाई." ऊसतोडीची माणसंही लांबून वळसा घालून जातात. पाटी लावली असती तर एकाने वाचली नसती. इथे अख्खी वस्ती थांबली. हिकोनेच्या सरदाराला कळवायला पाहिजे.

पाळकसाहेब आले तर काय सांगायचं, हा प्रश्न आहे. हेलन हसून हसून लाल झाली.

मंगळवार, १० फेब्रुवारी

हेलनचा एक्स-रे दाखवायला एकटाच दौंडला, डॉक्टरांकडे. हेलनचा गुडघा उत्तम म्हणाले. मग चालत का नाही? "तुम्हीच विचारा," म्हणाले. माझीही साखर तपासली, उगीच. खाली आली आहे. पट्टा दोन भोकं आत गेलाय, ते मी सांगितलं नाही.

परत आलो तर सर्जेराव म्हणाले, "दुपारी टोल ऐकू आला." म्हशीचं शिंग लागलं असणार. म्हैस बागेत शिरत असेल तर बंदोबस्त केला पाहिजे.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

नऊ झाली!! शेवटच्यावरून बांधावर उतार केलाय. चढण इतकी सोपी ठेवली की मालगाडीसुद्धा चढेल. कठडा पक्का, कुंपण पक्कं. बांधावर उभा राहिलो. कुरकुंभच्या कारखान्यांची धुराडी पाण्यात उलटी, वरून बगळे. आपल्याकडे किल्ला नाही, पण धुराडी काही वाईट दिसत नाहीत!

फेरी मोजली. जाऊन येऊन तीनशे ऐंशी मीटर. पाच फेऱ्यांत शॅरनचे दोन किलोमीटर जवळपास पुरे.

पण हेलन तिसऱ्यावरच. फेब्रुवारीचे अकरा दिवस उरले. आज रागावलो. "तुझ्यासाठी केलंय ना हे! पोरगी वाट बघतेय ना!" तिने माझा हात धरला, तळव्यावरच्या गाठी चाचपल्या आणि म्हणाली, "अजून सुंदर होईल ती. बाकाच्या पुढे वाळू टाका, तुम्ही म्हणत होता ना, जपानच्या बागांत रेघा ओढतात तशी."

वाळू! हिला बागेची काळजी, एप्रिलची नाही.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

बारीक वाळू काल आली. आज सकाळी सहाव्यापासून नवव्यापर्यंत अंथरली, दाताळ्याने सरळ, मग गोल, मग लाटांसारख्या रेघा ओढल्या. तीन तास! मन अगदी गार झालं. बांधलेला दगड तिथेच ठेवला, वाळू बसेपर्यंत कुणी जायला नको. मग बँकेच्या कामाला दौंडला गेलो.

चार वाजता आलो. दगडापाशी गेलो आणि खिळलोच.

वाळूवर ठसे! म्हशीचे नाहीत. साखरबाईंच्या चपला दगडापर्यंत येऊन थांबलेल्या, तिथेच चुळबुळ केलेली. दगडाशेजारी काठी टेकवल्याची एक खूण. आणि दगडाच्या पुढे, एकटे, नव्या कॅनव्हास बुटांचे ठसे. हे बूट मीच दौंडच्या बाजारातून आणले, तळाला चांदण्या आहेत. डावा पाय, उजवा पाय, सारखं अंतर. काठीचं टोक कुठेही नाही! सातवं, आठवं, नववं, बांधावर, परत. पुन्हा. पुन्हा. एकावर एक ठसे. मी वाकून मोजले — पाच फेऱ्या.

पाच!

घरी आलो. हेलन पलंगावर, पाय उशीवर. "आज फार दुखतंय हो," म्हणाली.

आनंद इतका झाला की नाचावंसं वाटलं. आणि रागही आला! मी रोज फावडं मारतोय, प्रार्थना करतोय, आणि ही गुपचूप दोन किलोमीटर चालते? मला का नाही सांगितलं? मी परका आहे का? जेवलो आणि झोपलो. उद्या सर्जेरावांना विचारतो, त्यांच्या पोटात काही राहत नाही.

बुधवार, २५ फेब्रुवारी

विचारलं. आधी टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, "म्हयन्याच्या वर झालं. तुमी दौंडला गेला की येतात. बाईंनी शपथ घातली हुती. म्हणाल्या, मी चालाय लागले आसं कळलं की ह्यांची बाग थांबल. आन् बाग थांबली की हे परत खुर्चीत बसतील. तीन वर्सं नुसतं बसून हुते, मला भ्या वाटाय लागलं हुतं. आन् तुमची शॅरन — तीबी त्यात हाय. ती बागंची आयडिया तुमच्याचसाठी हुती म्हणं."

माझ्यासाठी.

रडलो. उसाच्या दोन सऱ्यांच्या आड, जहागीरदारांसमोर. त्यांनी तोंड फिरवून तळ्याकडे बघितलं.

मग दाताळं घेतलं आणि वाळूवरचे सगळे ठसे पुसून रेघा पुन्हा ओढल्या. शॅरनला निरोप पाठवला — दोन तिकिटं काढ, मम्मी तोवर चालायला लागेल, खात्री आहे. फक्त दहावं वळण बाकी आहे.

संध्याकाळी हेलनला म्हटलं, "चल, आज तिसऱ्यापर्यंतच जाऊ. घाई नाही."

"बघू, जमतंय का," ती म्हणाली, आणि काठी घेतली.